पावसाळी एस्टेट ऑक्शनमध्ये खाण्याचा स्टॉल कसा लावावा

पहिल्या वेळी मी बटाटेवडे नेले होते. एकशे वीस. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या वेन काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) एका जुन्या शेतावरचा लिलाव, एप्रिल महिना आणि पहाटेपासून लागलेला पाऊस. कॅनपीच्या (चार पायांवरच्या कापडी छपराच्या) कडेवरून ओघळणारं पाणी वाऱ्याबरोबर कढईत उडायचं आणि तेल असं तडतडायचं की जवळ उभं राहायची सोय नव्हती. दुपारी एकपर्यंत एकोणीस वडे गेले, त्यातले चार आमच्याच पोटात. उरलेल्यांकडे आठवडाभर घरात कोणी बघेना.

त्याच दिवशी पलीकडे चर्चच्या तीन आजीबाई गॅरेजच्या दारात कॉफी आणि चिली (इथला दाट, तिखटसर रस्सा) विकत होत्या. त्यांच्यापुढची रांग संपत नव्हती. त्यांचं चिली काही ग्रेट नव्हतं, मी चाखलं. पण त्यांच्याकडे छप्पर होतं, पायाखाली कोरडं होतं आणि हातात धरायला गरम वाटी मिळत होती. पावसातल्या लिलावात गिऱ्हाईक त्यासाठी पैसे मोजतं, पदार्थ नंतर येतो. हे मला कळायला दोन मोसम लागले. तुम्हाला लागू नयेत म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

नियम मी ओहायोचे सांगतेय, कारण माझा अनुभव तिथला आहे. पेनसिल्व्हेनिया किंवा इंडियानात असाल तर गोष्टी साधारण अशाच, पण परवाने, फी आणि मुदती तिथल्या तिथे विचाराव्या लागतील.

१. आधी एक लिलाव नुसता बघून या

एस्टेट ऑक्शन म्हणजे घरातलं म्हातारं माणूस गेलं किंवा वृद्धाश्रमात हललं की घरातल्या चीजवस्तूंचा, बऱ्याचदा घर-जमिनीचासुद्धा, अंगणातच होणारा लिलाव. खोकीच्या खोकी भरून काचसामान, हत्यारं, गोधड्या गवताच्या वॅगनींवर मांडलेल्या असतात. सकाळी आठच्या सुमाराला लोक येऊ लागतात, ओळखपत्र दाखवून बोलीचा नंबर घेतात आणि साडेनऊ-दहाला सुरुवात होते. आधी किरकोळ खोकी, मग फर्निचर, मग ट्रॅक्टर आणि अवजारं. घर-जमीन असेल तर तिची वेळ जाहिरातीत ठरवून दिलेली असते, पुष्कळदा दुपारी बाराची.

ही वेळ तुमच्यासाठी महत्त्वाची. जमिनीची बोली चालू असताना कोणी खायला येत नाही, ती संपली की सगळे एकदम येतात.

लिलाववाल्याचा तो न थांबता चालणारा सूर पहिल्यांदा ऐकताना काही कळत नाही. कान तयार करायचा असेल तर किड्रन गावच्या जनावरांच्या लिलावाला एखाद्या गुरुवारी जाऊन बसा. तो १९२३ पासून भरतो आणि बघायला पैसे पडत नाहीत. माझं माहेर कोरेगावचं, त्यामुळे गुरांचा बाजार मला नवा नव्हता. फरक इतकाच की आपल्याकडे दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव करतात आणि इथे माइकवर ओरडून.

बघायला जाल तेव्हा खाण्याचा स्टॉल कुठे आहे, लोक पैसे भरायला कुठे रांग लावतात, गाड्या कुठे उभ्या आहेत, एवढं टिपून ठेवा.

२. तुमचा व्हिसा काय म्हणतो ते बघा

हे मी मुद्दाम वर घेतलंय, कारण आपल्या लोकांचं घोडं इथेच पेंड खातं.

एच-१बीवर (कंपनीने काढलेल्या नोकरीच्या व्हिसावर) असाल तर ज्या कंपनीने तुमचा अर्ज केला तिच्याशिवाय दुसरीकडून कमाई करता येत नाही. शनिवारी चहा विकणं ही कमाईच. एच-४वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असाल आणि ईएडी, म्हणजे काम करायच्या परवानगीचं, कार्ड हातात असेल तर स्वतःचा धंदा करता येतो, कार्ड नसेल तर नाही. विद्यार्थ्यांनी एफ-१वर या भानगडीत पडू नये. ‘नवऱ्याच्या नावावर परमिट आणि उभी मी’ असली शक्कल लढवू नका. ग्रीन कार्डच्या मुलाखतीत एखादी जुनी पावती निघाली तर तिचं स्पष्टीकरण देताना घाम फुटेल. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला एक तासाची फी देऊन विचारा, ओळखीतल्या ‘आमचं तर झालं’वाल्यांना नको.

३. लिलाववाल्याला फोन करा

ओहायोत लिलाववाल्यांना राज्याच्या कृषी खात्याकडून लायसन्स घ्यावं लागतं, आणि एका भागात मोजकेच लोक हे काम करतात. जाहिरातीत खाली नंबर असतो. जाहिरातीतच ‘जागेवर खाण्याची सोय’ अशा अर्थाची ओळ असली तर स्टॉल आधीच कोणाला तरी दिलेला आहे असं समजा. बहुतेक वेळा तो एखाद्या चर्चचा, शाळेचा किंवा शेतकरी मुलांच्या क्लबचा असतो आणि वर्षानुवर्षं त्यांचाच असतो. तिथे घुसायला जाऊ नका. माझी सुरुवात अशाच एका चर्चच्या स्टॉलवर फुकट भांडी धुऊन झाली. ज्या दिवशी त्यांना जमणार नव्हतं त्या दिवशी त्यांनीच माझं नाव पुढे केलं.

फोनवर या गोष्टी विचारून घ्या:

किती नंबर जातील असा अंदाज आहे? (माणसं नव्हे, नंबर. एका नंबरामागे दीड-दोन माणसं येतात.) पाऊस आला तर लिलाव कुठे हलवणार, शेडमध्ये की तंबूत? वीज मिळेल का, आणि कुठल्या खोलीतून? स्टॉलचं भाडं किती? काही जण ठरावीक रक्कम घेतात, काही विक्रीत हिस्सा मागतात, काही काहीच घेत नाहीत. त्यांच्या माणसांना जेवण दिलं की झालं. विम्याचा कागद लागेल का? पुष्कळांना दहा लाख डॉलरच्या दायित्व विम्याचं (तुमच्यामुळे कोणाचं नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या विम्याचं) प्रमाणपत्र हवं असतं आणि त्यात त्यांचं नावही घालावं लागतं. एका दिवसाचा विमाही मिळतो.

जाहिरातीत ‘पाऊस असो वा ऊन, लिलाव होणारच’ असं छापलेलं असतं. ते खरं असतं. तुम्ही पाऊस बघून आयत्या वेळी नाही म्हणालात तर पुढचा फोन येणार नाही.

४. परमिट आणि कागद

ओहायोत अशा एकदोन दिवसांच्या विक्रीसाठी तात्पुरतं अन्नविक्री लायसन्स लागतं. ते त्या काउंटीच्या किंवा शहराच्या आरोग्य खात्याकडून मिळतं. एका लायसन्सवर सलग पाच दिवसांपर्यंत विक्री करता येते आणि एकाच खात्याकडून वर्षाला दहाच्या वर मिळत नाहीत. वेन काउंटीचं लायसन्स होम्स काउंटीत चालत नाही, शेताचं कुंपण हद्दीवर असलं तरी नाही. अर्ज निदान दहा दिवस आधी पोचेल असं बघा. आदल्या दिवशी गेलात तर हात हलवत परत याल.

जवळ ठेवायचे कागद:

- तात्पुरत्या लायसन्सची प्रत, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, दिसेल अशी टांगलेली
- पदार्थांची यादी, आणि प्रत्येक माल कुठून घेतला त्याच्या पावत्या
- सेल्स टॅक्स गोळा करण्याचं लायसन्स (फिरत्या विक्रेत्याचं)
- विम्याचं प्रमाणपत्र
- लिलाववाल्याचा होकार, ईमेल असला तरी चालतो
- फोटो ओळखपत्र

सगळ्यात मोठा सापळा: घरच्या स्वयंपाकघरात शिजवलेला पदार्थ चालत नाही. आदल्या रात्री घरी सूप करून सकाळी गरम करून विकेन, हा बेत मनातून काढून टाका. एक तर जागेवर शिजवा, नाही तर लायसन्स असलेलं स्वयंपाकघर भाड्याने घ्या. खराब न होणारे बेकरीचे पदार्थ मात्र घरी करता येतात. आपली नानकटाई त्यात बसते. तिला लेबल लागतं: नाव-पत्ता, घटक, वजन, ॲलर्जीच्या गोष्टी आणि ‘हे घरी बनवलेलं आहे’ अशी इंग्रजीतली ठरलेली ओळ. ती विकणार असाल तर अर्जाच्या यादीत आधीच लिहा, म्हणजे तपासनीस आल्यावर वाद नको.

ॲलर्जीच्या यादीत २०२३ पासून तीळही आले आहेत. आपल्या खाण्यात तीळ कुठेकुठे असतात ते आपल्यालाच आठवत नाही, म्हणून जपा.

५. काय विकायचं

पावसात तळण नको. एक तर तेलात पाणी उडतं. दुसरं, कॅनपीखाली तळायला पुष्कळ ठिकाणी अग्निशमनवाले परवानगी देत नाहीत, आणि दिली तर तळणासाठीचं वेगळं, के वर्गाचं अग्निशामक मागतात. तिसरं, वडा गार झाला की संपला. इथली माणसं बोली सोडून तुमच्याकडे धावत येत नाहीत. त्यांना हवी ती वस्तू जाईपर्यंत थांबतात आणि मग येतात.

मी फिरून फिरून तीन गोष्टींवर आलेय.

*राजमा.* हो, आपला राजमा. फळ्यावर मी ‘बीन चिली’ लिहिते. टोमॅटो, जिरं, थोडं तिखट, वर किसलेलं चीज आणि शेजारी खारी बिस्किटं. इथल्या शेतकऱ्याला ते ओळखीचं वाटतं आणि तरी ‘यात काय घातलंय’ असं विचारायला तो दुसऱ्यांदा येतो. तिखट अर्ध्याहून कमी ठेवा, बाजूला सॉसची बाटली ठेवा. राजमा डब्यातला शिजवलेला घ्या. घाऊक दुकानात मोठे, सुमारे पावणेसात पौंडांचे डबे मिळतात. जागेवर डबा उघडून शिजवला की घरच्या स्वयंपाकघराचा प्रश्नच उरत नाही. कच्चा राजमा भिजवून इलेक्ट्रिक भांड्यात मंद आचेवर कधीही शिजवू नका. त्यातलं विष मंद आचेवर जात नाही, त्याला खळखळून उकळी लागते. दोनशे माणसांना उलट्या लागल्या तर लिलाव तुमच्याच सामानाचा होईल.

*चहा.* दूध घालून उकळलेला चहा कॉफीच्या मोठ्या भांड्यात करू नका. तळाला दूध करपतं, नळी तुंबते आणि पुढचे दोन महिने त्या भांड्यातल्या कॉफीला जळका वास येतो. आलं, दालचिनी, साखर आणि चहापत्तीचा काळा, कडक काढा करा, आणि शेजारी फ्रिजशिवाय टिकणाऱ्या दुधाच्या छोट्या कुप्या ठेवा. ज्याला हवं तो घालून घेईल. साध्या कॉफीचं भांडं मात्र ठेवाच. चहा कितीही चांगला झाला तरी इथे दहांतले सात जण कॉफीच मागतात. त्यावर रुसून चालत नाही.

*नानकटाई.* चारचं पाकीट. वेलची लोकांना आवडते. पाकीट बंद असल्यामुळे पावसाची भीती नाही, आणि उरलं तर घरी परत येतं.

थंड पेयं दोन डझनांच्या वर नेऊ नका. पाई कोणी आणणार असेल तर आणू द्या, तिच्याशी स्पर्धा नको.

किती न्यायचं? लिलाववाल्याने नंबरांचा जो आकडा सांगितला तो पावसाच्या दिवशी मी निम्मा धरते आणि तेवढ्या वाट्या राजमा करते. त्याहून कमी न्यायचं धाडस करू नका, कारण जे येतात ते पावसात अडकलेले असतात आणि दोनदा खातात. अठरा क्वार्टच्या इलेक्ट्रिक रोस्टरमध्ये (विजेवर अन्न गरम ठेवायच्या मोठ्या भांड्यात) काठ सोडून भरलं की आठ औंसांच्या साठ-पासष्ट वाट्या निघतात.

६. जागा: या कामाचं मर्म

आदल्या दिवशी जाऊन जागा बघा. कोरड्या दिवशी सगळी जमीन सारखीच दिसते, म्हणून गवत कुठे जास्त हिरवंगार आहे ते बघा; पाणी तिथेच साचतं. छताच्या पन्हाळी कुठे रिकाम्या होतात तेही बघा. एकदा मी धान्याच्या कोठाराला टेकून ऐटीत कॅनपी लावली आणि वळवाची सर आल्यावर वरच्या पन्हाळीतलं सगळं पाणी माझ्या छपरावर. मधोमध पोट आलं, मग एक दांडा वाकला.

मिळाली तर अवजारांची शेड किंवा गॅरेजचं दार मागून घ्या. न मिळाल्यास कॅनपी अशा ठिकाणी लावा की गाड्यांकडून लिलावाकडे जाणारा माणूस आणि पैसे भरायची रांग, दोन्ही तुमच्यासमोरून जातील. दहा बाय दहा फुटांची एक कॅनपी स्वयंपाकासाठी आणि दुसरी गिऱ्हाइकांना उभं राहायला. दुसरी लावल्यापासून माझी विक्री वाढली, पदार्थ तेच होते. लोक पावसातून आत येतात, काही घ्यायचं मनात नसतं, दोन मिनिटं उभं राहिल्यावर लाजेकाजेने कॉफी घेतात. त्यांना हाकलू नका आणि ‘काय देऊ’ म्हणून मागेही लागू नका.

प्रत्येक पायाला चाळीस पौंडांच्या आसपास वजन हवं. पाच गॅलनची बादली पाण्याने भरली की साधारण तेवढं होतं, आणि परत जाताना ओतून टाकता येतं. दोरीने नीट बांधा, नुसती पायाशेजारी ठेवलेली बादली वाऱ्यात उपयोगाची नाही. वाऱ्याच्या बाजूला एक भिंत लावा. चारही बाजूंनी बंद करून आत बर्नर पेटवू नका.

पायाखाली लाकडी पॅलेट आणि त्यांवर रबरी मॅट. चिखलात उभं राहून अन्न दिलेलं तपासनिसांनाही चालत नाही. गिऱ्हाइकांच्या बाजूला पेंढा टाका. दोन गासड्या पुरतात, आणि शेतावर त्या लिलाववालाच देतो.

गाडी खडीवर ठेवा. सामान उतरवण्यासाठी गवतात नेलीत तर संध्याकाळी ती ट्रॅक्टरने ओढून काढावी लागेल, आणि तो ट्रॅक्टर तोवर कोणीतरी विकत घेतलेला असेल.

७. वीज

इथे बहुतेक नवे लोक फसतात. जुन्या शेतघरातली वीज पंधरा अँपिअरच्या सर्किटवर असते. अठरा क्वार्टचा रोस्टर १,४५० वॅट खातो, म्हणजे १२० व्होल्टवर बारा अँपिअर. कॉफीचं शंभर कपांचं भांडं १,५०० वॅटच्या आसपास. ही दोन्ही एका सर्किटवर लावली की पेटीतलं बटण पडून वीज जाणार. तेही नऊला पडत नाही, साडेअकराला पडतं, आणि फ्यूजची पेटी तळघरात असते आणि तळघराला लिलाववाल्याने कुलूप घातलेलं असतं.

म्हणून एक सर्किट, एक उपकरण. ‘दोन वेगळे सॉकेट’ म्हणजे दोन सर्किटं नव्हेत. आदल्या दिवशी पेटीवर जाऊन एकेक बटण पाडून बघा, कुठला सॉकेट कशावर आहे. वायर जाड घ्या, बारा गेजची, बाहेर वापरायची. जोड जमिनीवर पडू देऊ नका. खुर्चीच्या पाठीला बांधून वर ठेवा. झटका लागला तर तोडणारा जीएफसीआय सॉकेट नसेल तर तसा जोड विकत मिळतो, तो न लावता पावसात वीज वापरू नका.

जनरेटर न्यायचा तर तो कॅनपीच्या आत किंवा शेडच्या दारात ठेवू नका. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नाही.

रोस्टर गरम ठेवायला चांगला, तापवायला अगदी मंद. थंड डबे त्यात ओतून वाट बघत बसलात तर दोन-तीन तास जातील. प्रोपेनच्या बर्नरवर मोठ्या पातेल्यात उकळी आणा, मग रोस्टरमध्ये ओता. वीस पौंडांची टाकी कॅनपीच्या बाहेर, उभी, बांधलेली. जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा.

८. हात आणि तापमान

तपासनीस आला की राजमा चाखत नाही, तो आधी हात धुवायची जागा बघतो. पाच गॅलनचं गरम पाणी टिकवणारं भांडं, ज्याचा नळ उघडा राहतो असं (दाबून धरावं लागतं ते चालत नाही, कारण मग दुसरा हात धुवायचा कसा), साबण, कागदी रुमाल आणि खाली सांडपाण्याची बादली. भांड्यांसाठी तीन टब: धुवायचा, विसळायचा, जंतुनाशकाचा. ब्लीचचं प्रमाण ५० ते १०० पीपीएम (दहा लाख भागांत तितके भाग), आणि ते बघायच्या कागदी पट्ट्या खिशात. पावसाळी हवेत पट्ट्यांची डबी उघडी राहिली तर त्या खराब होतात. मी ती झिपच्या पिशवीत ठेवते.

टोचायचा थर्मामीटर हवाच. गरम पदार्थ १३५ अंश फॅरनहाइटच्या वर, थंड ४१च्या खाली. मी राजमा आधी १६५पर्यंत नेते, मग रोस्टरवर ठेवते. दर तासाला वहीत आकडा लिहा. गार वाऱ्यात उघड्या झाकणाचं भांडं किती भराभर उतरतं ते पाहिल्यावर झाकण आपोआप लावाल. चीज कूलरमध्ये बर्फावर. बाहेर ४५ अंश थंडी आहे म्हणून कूलर नको, हा युक्तिवाद मी एकदा करून पाहिला. ४५ हे ४१पेक्षा जास्त असतं, असं मला शांतपणे सांगण्यात आलं.

हातमोजे, टोपी, कात्रीने उघडायच्या पिशव्या, कचऱ्याचे दोन डबे, झाकणाचे कप. झाकणं विसरू नका. पावसात कॉफीत पाणी पडतं.

९. पैसे

भाव पूर्ण डॉलरमध्ये ठेवा, म्हणजे चिल्लर लागत नाही. फळ्यावर ‘कर धरून’ असं स्पष्ट लिहा. ओहायोत जागेवर बसून-उभं राहून खाल्लेल्या अन्नावर सेल्स टॅक्स लागतो. राज्याचा दर ५.७५ टक्के आणि वर काउंटीचा. तोच पदार्थ घरी न्यायला घेतला तर लागत नाही, पण सोडा कुठेही प्याला तरी लागतो. कोण कुठे खाणार हे पावसात कोण विचारत बसतंय! मी सगळ्यावर धरते, नानकटाईची बंद पाकिटं सोडून. वर्षभराचा निव्वळ नफा ४०० डॉलर किंवा त्याहून जास्त झाला तर केंद्राच्या रिटर्नमध्ये स्वयंरोजगाराचा करही येतो, म्हणून पावत्या जपा.

सुट्टे पुष्कळ न्या: एक आणि पाचच्या नोटा. ही माणसं लिलावासाठी वीस आणि शंभरच्या नोटा घेऊन आलेली असतात. कार्डाचं यंत्र ठेवा, पण त्याच्यावर विसंबू नका. दरीतल्या शेतावर सिग्नल नसतो आणि ओल्या बोटांना फोनचा पडदा दाद देत नाही.

१०. लिलावाचा दिवस

साडेपाचला पोचा. साडेसातला कॉफी तयार हवी, कारण पहिलं गिऱ्हाईक लिलाववाल्याचीच माणसं असतात. त्यांना पहिला कप फुकट द्या. दुपारी माइकवरून तुमच्या राजम्याचं नाव तेच घेणार आहेत.

आठ ते साडेनऊ कॉफी. साडेनऊ ते अकरा शुकशुकाट, त्यात घाबरू नका, भांडी धुऊन घ्या. अकरा ते दीड मरमर. शेवटी पैसे भरायला आलेले, ओले झालेले, ट्रेलर लादणारे लोक. त्यांना चहा जातो.

ढग गडगडले तर विक्री बंद. कॅनपी विजेपासून वाचवत नाही आणि तिचे पाय लोखंडी आहेत. गॅस बंद करा, लोकांना शेडमध्ये किंवा गाडीत पाठवा, स्वतः जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. पहिल्यांदा मी ‘राजमा करपेल’ म्हणून थांबले होते. लिलाववाल्याने हाताला धरून आत नेलं.

आणि एक. तुम्ही जत्रेत आलेले नाही आहात. ज्यांचं घर विकलं जातंय ती माणसं तिथेच कुठेतरी उभी असतात. गाणी लावू नका, मोठ्याने हसू-खिदळू नका. मागच्या शरदात एक बाई बराच वेळ माझ्या कॅनपीखाली उभ्या होत्या. वॅगनीवर त्यांच्या आईच्या लाटणी आणि कणीक मळायच्या लाकडी काठवटी एका खोक्यात गेल्या, तीन डॉलरला. त्यांनी कॉफी मागितली आणि पाकीट गाडीत राहिल्याचं सांगितलं. मी पैसे घेतले नाहीत. थोड्या वेळाने ते खोकं घेतलेला माणूस राजमा खायला आला. मी त्याला त्या बाई दाखवल्या. तो वाटी खाली ठेवून गेला आणि एक लाटणं त्यांच्या हातात देऊन परत आला. राजमा तोवर गार झाला होता, मी दुसरा वाढला.

११. आवराआवर

गरम राहिलेलं अन्न दुसऱ्या दिवशी विकायला ठेवू नका. लिलाववाल्याच्या माणसांना डबे भरून द्या, उरलं तर टाका. सांडपाणी गवतात ओतायचं नाही. झाकणाच्या बादल्यांतून आरोग्य खात्याने सांगितलेल्या ठिकाणी न्या. पेंढा गोळा करा, पॅलेटचे खड्डे बुजवा. जमीन आजपासून दुसऱ्याची झालेली असू शकते.

कॅनपी ओली घडी करून पिशवीत घालावीच लागते, इलाज नाही. पण घरी पोचल्यावर कितीही दमला असलात तरी ती गॅरेजमध्ये उघडून ठेवा. तीन दिवस पिशवीत राहिली तर काळी बुरशी धरते, आणि तो वास पुढच्या लिलावात राजम्याच्या वासाआधी गिऱ्हाइकापर्यंत पोचतो. वायरी पुसून गुंडाळा. बूट दाराबाहेर.